अ‍ॅपमधला एखादाच टॅब बंद करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही लातुरात बसून आडत दुकानं, दूध संकलन केंद्रं आणि क्लासेस यांच्यासाठी मोबाइल अ‍ॅप बनवतो. सोयाबीनचा हंगाम लागला की दिवसाआड एक फोन ठरलेला: "बाकी सगळं राहू द्या, तेवढा एक टॅब बंद करून टाका." ऐकायला पाच मिनिटांचं काम. त्या फोनवर जे प्रश्न निघतात आणि आठ दिवसांनी दुसऱ्या फोनवर जे निघतात, ते इथे लिहून ठेवलेत. बरेचसे दुकानदारांचे आहेत, थोडे अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांचे, आणि काही नुसतं अ‍ॅप वापरणाऱ्यांचे.

टॅब म्हणजे खालची ती पट्टीच ना?

तीच, पण तिला पट्टी म्हणू नका, हात जोडतो. एकदा एका मालकांचा फोन आला, "पट्टी दिसना झालीय." आम्ही तासभर स्क्रीनच्या तळाची टॅबची ओळ तपासत बसलो. ती जागच्या जागी होती. मालकांना म्हणायचं होतं की शेतकऱ्याची हिशेबपट्टी दिसत नाही, म्हणजे माल, काटा, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती, ती. तेव्हापासून आमच्याकडे स्क्रीनच्या तळाला 'टॅबची ओळ' म्हणतात आणि पट्टी म्हणजे फक्त हिशेबाची. या पानावरही तसंच.

टॅब बंद करणं म्हणजे नेमकं काय होतं?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक हे एकच नाव देतात. एक, टॅब ओळीतून गायब होतो आणि उरलेले सरकून जागा भरतात. दोन, टॅब जागेवर राहतो पण करडा पडतो, बोट लावलं तरी काही होत नाही. तीन, टॅब नेहमीसारखा उघडतो, पण आत नेहमीचं पान नसून 'आज हे का नाही' एवढं सांगणारा मजकूर असतो.

तिसऱ्याला बंद करणं म्हणावं का, यावर आमच्याच ऑफिसात वाद होतो. आम्ही मात्र सगळ्यात जास्त वेळा तेच करतो.

मग यातलं कोणतं निवडायचं?

आधी बंद का करायचंय ते सांगा. उत्तर त्यातच असतं.

तो टॅब त्या माणसासाठी नाहीच, असं असेल तर सरळ गायब करा. हमाल-मापाड्यांच्या फोनवर 'नफा-तोटा' करडा करून ठेवण्यात अर्थ नाही. करडा टॅब रोज सांगत राहतो की इथे काहीतरी आहे आणि ते तुला दाखवायचं नाही. त्यापेक्षा नसलेला बरा.

टॅब त्यांचाच आहे, पण आजपुरता चालणार नाही, असं असेल तर गायबही करू नका आणि करडाही करू नका. येळवसेचं उदाहरण घ्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिवकडे अख्खं गाव शेतात असतं. जेवायला भज्जी, आंबील, उंडे. बाजारात चिटपाखरू नाही. सौदा नाही म्हणजे भाव नाही. पहिल्या वर्षी आम्ही त्या दिवशी 'भाव' टॅब करडा केला. सकाळी नऊपासून फोन: "ओ, भावाचं बटण दाबंना झालंय, अ‍ॅप बिघडलंय का?" दिवसभरात आम्हालाही शेतातल्या कोपीजवळ (खोपीजवळ) बसून धड जेवता आलं नाही. दुसऱ्या वर्षी टॅब चालू ठेवला आणि आत लिहिलं: 'आज येळवस. सौदा नाही. कालचा पोटलीचा भाव खाली आहे.' पोटलीचा भाव म्हणजे बाजारात सौद्यातून निघालेला दर. त्याखाली सोयाबीनचा हमीभावही टाकला, कारण तो दाखवायला सौदा लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ५,३२८ रुपये होता. फोन बंद झाले.

बिघाड असेल तरीही हेच. सर्व्हर बसला म्हणून टॅब लपवलात तर माणसाला वाटतं आपली नोंदच पुसली. पैशाच्या व्यवहारात ही शंका फार वाईट.

हे तुमचं मत झालं. मोठ्या कंपन्या काय म्हणतात?

अ‍ॅपलच्या डिझाइन मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: आतला मजकूर उपलब्ध नसला तरी टॅब बंद करू नका किंवा लपवू नका, टॅब उघडू द्या आणि मजकूर का नाही ते आत सांगा. कारण सरळ आहे. टॅब कधी चालतो, कधी चालत नाही, असं झालं की अ‍ॅपवरचा भरवसा जातो. गूगलची मटेरियल डिझाइन पद्धत खालच्या ओळीत तीन ते पाच टॅब सांगते. त्यातही गृहीत हेच, की ही पानं कुठूनही, केव्हाही उघडता यावीत.

आम्ही एका ठिकाणी याच्याशी फारकत घेतो. माणसाच्या कामाप्रमाणे, म्हणजे मालक, मुनीम, शेतकरी यांप्रमाणे टॅब वेगळे ठेवतो. पण ते लॉगिनच्या वेळी एकदाच ठरतं, मध्येच बदलत नाही. माणूस बघत असताना त्याच्या डोळ्यांसमोर टॅब सरकवायचे नाहीत, एवढं पथ्य.

करड्या टॅबवर एवढा राग का?

राग नाही, ऊन आहे. मटेरियल पद्धतीत बंद घटकाची ठळकता ३८ टक्क्यांवर आणतात. एसीत बसून डिझाइन करणाऱ्याला तो फरक छान दिसतो. एप्रिलच्या दुपारी मोंढ्यात (धान्यबाजारात), तडा गेलेल्या काचेवर, धुळीच्या बोटानं फोन बघणाऱ्याला चालू टॅब कुठला आणि बंद कुठला, दोन्ही सारखेच दिसतात. वेब सुलभतेच्या नियमांत अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजेडात ४.५:१ असा किमान फरक लागतो, पण बंद घटकांना त्यातून सूट आहे. ही सूट कागदावर ठीक. ज्याचा टॅब बंद आहे त्यालाच तर तो बंद का आहे ते वाचायचं असतं!

करडा करायचाच झाला तर बोट लावल्यावर निदान एक ओळ वर येऊ द्या. नुसती शांतता नको.

अँड्रॉइडवर हे करतात कसं?

हा आणि पुढचे तीन प्रश्न बनवणाऱ्या पोरांचे. जुन्या पद्धतीच्या बॉटम नेव्हिगेशन व्ह्यूमध्ये (टॅबची ओळ काढणारा तयार घटक) प्रत्येक टॅब हा मेनूतला एक आयटम असतो. त्या आयटमचं 'एनेबल्ड' (चालू) फॉल्स (नाही) केलं की तो दाबला जात नाही. 'व्हिजिबल' फॉल्स केलं की ओळीतून जातो. जेटपॅक कंपोज या नव्या पद्धतीत नेव्हिगेशन बार आयटमला थेट 'एनेबल्ड' देता येतं आणि लपवायचा असेल तर यादी काढतानाच तो वगळायचा.

इथे एक खड्डा आहे. जुन्या व्ह्यूमध्ये जास्तीत जास्त पाचच आयटम चालतात, सहावा टाकला की अ‍ॅप कोसळतं. आणि लपवलेला आयटमही त्या पाचांत मोजला जातो. "सात टॅब टाकू, प्रत्येकाला त्याचे चार दाखवू" हा बेत म्हणून फसतो. मेनू माणसाप्रमाणे आधीच वेगळा बांधा.

दुसरं: माणूस ज्या टॅबवर उभा आहे तोच लपवू नका. आधी त्याला मुख्य पानावर आणा, मग लपवा.

आयफोनवर?

टॅब बार आयटमचं 'एनेबल्ड' फॉल्स केलं की टॅब करडा होतो. कोडमधून मात्र ते पान तरीही उघडता येतं, म्हणजे हे बंधन फक्त बोटापुरतं. टॅब काढून टाकायचा तर टॅब बार कंट्रोलरला पानांची नवी यादी द्यावी लागते. निवडलेलं पान नव्या यादीत नसेल, तर कंट्रोलर त्याच क्रमांकावरचं पान निवडू बघतो. तो क्रमांकच उरला नसेल तर पहिलं. वापरणाऱ्याला हे कसं दिसतं? तो 'उचल' (आगाऊ घेतलेल्या पैशांचं पान) बघत होता आणि पापणी लवायच्या आत समोर 'सूचना' आल्या.

आयफोनवर पाचापेक्षा जास्त पानं दिलीत तर अ‍ॅप कोसळत नाही, जादाची 'मोअर' नावाच्या टॅबमागे जातात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी त्या 'मोअर'मध्ये आपणहून गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

फ्लटरमध्ये बंद केलेला टॅब चालूच दिसतो. काय चुकलं?

फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बनवायचं साधन. त्यात बहुधा तुम्ही जुना बॉटम नेव्हिगेशन बार वापरताय. त्याच्या आयटमला 'एनेबल्ड' हा गुणच नाही. लोक मग 'ऑन टॅप'मध्ये तपासून पुढे जाऊ देत नाहीत. टॅब अडतो खरा, पण दिसायला तसाच राहतो. रंग स्वतः बदला किंवा नव्या नेव्हिगेशन बारवर या. त्याच्या नेव्हिगेशन डेस्टिनेशनला 'एनेबल्ड' आहे.

आणखी एक: फ्लटरच्या ओळीला किमान दोन टॅब लागतात. आमच्या एका दूध केंद्राच्या अ‍ॅपमध्ये लपवत लपवत संकलकाकडे एकच टॅब उरला आणि तपासणीच्या फोनवर चूक दाखवणारा लाल पडदा आला. एकच उरत असेल तर ओळच काढून टाका, एका टॅबची ओळ कशाला हवी?

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये?

हेही फ्लटरसारखंच दोन्ही फोनांसाठीचं साधन. त्यातल्या रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनमध्ये 'टॅब प्रेस' ऐकून 'प्रिव्हेंट डिफॉल्ट' करा, बोट अडतं. एक्स्पो राउटर वापरत असाल तर त्या टॅबच्या 'एचरेफ'ला (पानाच्या पत्त्याला) नल (रिकामं) द्या, टॅब ओळीतून जातो. पण पान जिवंतच असतं आणि लिंकने उघडतं. हे वाक्य परत वाचा, पुढचे दोन प्रश्न त्यावरच आहेत.

टॅब लपवला म्हणजे आतली माहिती सुरक्षित झाली ना?

नाही.

जुन्या संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. अ‍ॅपचंही तसंच असतं. टॅब हा फक्त समोरचा, रंग दिलेला दरवाजा. मागे सूचना असते, लिंक असते, होम स्क्रीनवरचं विजेट असतं, शोधाची चौकट असते, आणि 'मागे' बटण असतं, जे कधीकधी माणसाला थेट त्या लपवलेल्या पानात नेऊन सोडतं. एका दुकानात मुनीम बदलला. नव्या माणसाला 'मालकाचं खातं' दिसू नये म्हणून आम्ही टॅब लपवला, मालक खूश. चौथ्या दिवशी नव्या मुनिमानेच मालकांना विचारलं, "शेठ, ती परभणीची उधारी अजून यायचीय का?" त्याने कुठे चोरून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ताळेबंदाची सूचना त्याच्या फोनवर आली, त्याने दाबली, पान उघडलं. टॅब नव्हता, पान होतं.

म्हणून कुलूप सर्व्हरवर लागतं. फोनने माहिती मागितली की सर्व्हरने विचारायचं, हा कोण, याला हे बघायचा अधिकार आहे का. नसेल तर ४०३ ('अधिकार नाही' असं सांगणारा संकेत) पाठवायचा आणि माहिती द्यायचीच नाही. हे झाल्यावर टॅब लपवणं ही फक्त सोय राहते. आधी टॅब लपवून 'सर्व्हरचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

टॅब लपवल्यावर सूचना भलतंच पान उघडतात. असं का?

कारण कुणीतरी टॅबला नावाने नाही, क्रमांकाने हाक मारतंय.

समजा ओळ अशी आहे: मुख्य, भाव, उचल, पट्टी, सूचना. संगणकाची मोजणी शून्यापासून, म्हणून पट्टीचा क्रमांक ३. सर्व्हर सूचना पाठवतो, 'तुमची पट्टी तयार आहे, ३ उघडा.' आता तुम्ही 'उचल' लपवलीत. ओळ झाली मुख्य, भाव, पट्टी, सूचना. ३ वर आता सूचना. शेतकरी 'पट्टी तयार' दाबतो आणि मोकळ्या सूचनांच्या पानावर जातो. तो काय समजणार? पट्टी आलीच नाही. आमच्या एका अ‍ॅपमध्ये हे सलग तीन दिवस चाललं. आमच्या लक्षात आलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. ते औशाहून बस धरून दुकानात आले आणि मुनिमासमोर फोन ठेवून म्हणाले, "दाखव कुठं हाय पट्टी."

तेव्हापासून प्रत्येक टॅबला कायमचं नाव आहे: 'पट्टी' ही 'पट्टी'च, ओळीत कुठेही बसो. क्रमांक ओळ काढण्यापुरता. आणि नाव सापडलं नाही, म्हणजे तो टॅब त्या माणसाकडे नाहीच, तर मुख्य पान उघडायचं आणि वर एक ओळ दाखवायची.

दर वेळी नवं अ‍ॅप न टाकता टॅब चालू-बंद करता येईल का?

येईल. टॅबची यादी अ‍ॅपमध्ये पक्की न लिहिता सर्व्हरवरून आणायची. स्वतःचा सर्व्हर नसेल तर गूगलच्या फायरबेसचं रिमोट कॉन्फिग (सेटिंग दुरून बदलायची सेवा) पुरतं.

त्यात लोक एका जागी हमखास अडकतात. रिमोट कॉन्फिगचा ठरलेला किमान अवधी १२ तास असतो. म्हणजे अ‍ॅपने एकदा यादी आणली की १२ तास तीच वापरते. सकाळी सातला तुम्ही टॅब बंद केलात, पण ज्याने सहाला अ‍ॅप उघडलं होतं त्याला संध्याकाळपर्यंत तो चालूच दिसणार. मग फोन येतो, "ह्याच्याकडं बंद, माझ्याकडं चालू, असं कसं ओ?" अवधी कमी करा किंवा बदल लगेच पोचवणारी रिअल-टाइम सोय वापरा. पण पहिलं उत्तर असं असावं: जे तातडीने अडवायचंय ते सर्व्हरवर अडवा, टॅब सावकाश जाईना का.

आणि अ‍ॅपच्या आत एक मूळ यादी ठेवा. पहिल्यांदा उघडताना नेट नसेल तर कोणते टॅब दिसावेत? याचं उत्तर कोडमध्ये नसेल तर रिकामी ओळ दिसते.

नेट नसेल तेव्हा टॅब बंद ठेवावा का?

नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात रेंज येते-जाते. तिथल्या माणसाचा टॅब दर दहा मिनिटांनी करडा आणि परत चालू होत राहिला तर त्याने करायचं काय? शेवटची आणलेली माहिती दाखवा आणि वर वेळ लिहा: 'सकाळी ११:४० ची माहिती'. वेळ लिहायला विसरू नका, कालचा भाव आजचा समजून कुणी गाडी भरायला नको.

फक्त पैसे पाठवण्याचं किंवा सौदा पक्का करण्याचं बटण नेटशिवाय अडवा. बटण, टॅब नव्हे.

क्लासची फी थकलीय. त्या विद्यार्थ्याचे टॅब बंद करायचेत.

लातुरात हा प्रश्न येणारच. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, विद्यार्थ्याच्या खात्यावर एक खूण की झालं. आम्ही इतकंच सांगतो: 'टेस्ट' आणि 'निकाल' बंद करायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण 'वेळापत्रक' आणि 'फी' कधीच बंद करू नका. फीचा टॅब बंद करून फी मागणारे सर आम्ही पाहिलेत. आणि बंद टॅबच्या आतला मजकूर पोरगं शेजारच्या पोराला दाखवणार आहे हे धरून लिहा. 'फी थकल्याने बंद' असं मोठ्या अक्षरांत नको. 'ऑफिसला भेटा' पुरेसं आहे.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा यूट्यूबमधला नको असलेला टॅब मी स्वतः बंद करू शकतो का?

अ‍ॅप बनवणाऱ्याने सोय दिली असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपमधला 'अपडेट्स' टॅब काढायची सेटिंग नाही. लोकांची स्टेटस म्यूट करता येतात, चॅनेल सोडता येतात, टॅब राहतो. यूट्यूबचा 'शॉर्ट्स' टॅबही ओळीतून काढता येत नाही.

जीमेलमध्ये मात्र येतो. सेटिंग्जमध्ये आपलं खातं उघडा, 'चॅट'ची खूण काढा आणि 'मीट' टॅब दाखवण्याची खूण काढा. खालची ओळच निघून जाते आणि पत्रांना जागा मिळते. फेसबुकमध्ये सेटिंग्जमधल्या टॅबच्या भागात जाऊन एकेक टॅब कायम ठेवता किंवा लपवता येतो.

'टॅब काढून देतो' म्हणणारी बाहेरची, स्टोअरवर नसलेली बदललेली व्हॉट्सअ‍ॅप घेऊ नका. खातं बंद पडू शकतं.

आजोबांच्या फोनवर एका अ‍ॅपचा एकच टॅब अडवायचाय. चुकून व्हिडिओ कॉल लागतो.

आयफोन असेल तर एक सुंदर सोय आहे आणि फार कमी लोकांना ती माहीत असते. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, गाइडेड अ‍ॅक्सेस चालू करा, पासकोड ठेवा. मग ते अ‍ॅप उघडून बाजूचं बटण तीनदा दाबा. जुन्या फोनवर होमचं बटण. स्क्रीन लहान होऊन समोर येते. अडवायच्या टॅबभोवती बोटाने गोल काढा, स्टार्ट दाबा. आता त्या जागेवर बोट लागलं तरी काही होत नाही, बाकी अ‍ॅप चालू. त्या अ‍ॅपच्या बाहेर जायचं तर परत तीनदा दाबून पासकोड द्यावा लागतो, तो मात्र घरात दुसऱ्या कुणालाही सांगून ठेवा. आमच्या एका सहकाऱ्याने आजीचा फोन असा लावून दिला आणि स्वतः पुण्याला गेला. आजी दोन दिवस त्याच अ‍ॅपमध्ये.

अँड्रॉइडवर 'अ‍ॅप पिनिंग' असतं, पण ते अख्ख्या अ‍ॅपला खिळवतं, एका कोपऱ्याला अडवत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांना टॅब बंद आहे हे कसं कळणार?

स्क्रीन वाचून दाखवणारा वाचक, म्हणजे अँड्रॉइडचा टॉकबॅक किंवा आयफोनचा व्हॉइसओव्हर, टॅबचं नाव वाचतो आणि तो बंद असल्याचंही बोलतो, पण तुम्ही 'एनेबल्ड' खरोखर फॉल्स केलं असेल तरच. नुसता रंग करडा करून 'ऑन टॅप' अडवलात तर वाचक त्याला चालू टॅबच म्हणतो आणि ऐकणारा दाबत बसतो. वर फ्लटरचा जो प्रश्न होता त्याचा हा दुसरा तोटा.

तक्रारीचा आणि 'खातं बंद करा'चा टॅब लपवून देता का? लोक उगाच दाबतात.

देत नाही. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं तिथेच ते काढून टाकायचीही सोय असली पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. प्ले स्टोअरही हे मागतं. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत १३ प्रकार दिलेत. बाहेर पडण्याची वाट लपवणं त्यांतच बसतं. मुख्य ओळीत नको असेल तर सेटिंग्जमध्ये ठेवू, सापडेल असं.

स्टोअरच्या तपासणीत लपवलेल्या टॅबमुळे अडचण येते का?

येऊ शकते. तपासणीवेळी झाकून ठेवलेली आणि नंतर उघडलेली सोय अ‍ॅपलच्या २.३.१ या नियमात बसत नाही. माणसाप्रमाणे टॅब वेगळे असतील तर तपासणाऱ्याला प्रत्येक प्रकारचं चाचणी खातं द्या आणि कुणाला काय दिसतं ते नोंदीत लिहा. एवढ्यावर आमचं अ‍ॅप कधी अडलेलं नाही.

बंद करण्याआधी काय तपासायचं?

जुनी आवृत्ती असलेला एक फोन ड्रॉवरमध्ये ठेवा; शेतकरी अ‍ॅप अपडेट करत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. त्यावर टॅब बंद करून बघा. मग जुनी सूचना दाबा, लिंक उघडा, त्याच टॅबवर उभं असताना तो बंद करा, नेट काढून अ‍ॅप परत उघडा. अक्षरं सगळ्यात मोठी करून ओळ बघा. टॅब कमी झाल्यावर 'हिशेबपट्टी' मावते की 'हिशे…' होते तेही.

बंद केलेला टॅब परत केव्हा उघडायचा?

हे कुणीच विचारत नाही, म्हणून आम्हीच विचारतो.

दिवाळीत एका मालकांनी वह्या मिटवण्यासाठी 'उचल' टॅब बंद करायला सांगितला. "आठ दिवस फक्त." आम्ही गायब केला, कारण तेव्हा आम्ही गायबच करायचो. पाडवा झाला, नव्या वह्या सुरू झाल्या, मालक कामाला लागले, आम्ही दुसऱ्या कामाला. मालकांच्या स्वतःच्या फोनवर टॅब दिसतच होता, मालक होते ना ते! जानेवारीत तूर आली तेव्हा त्यांनी एका जुन्या शेतकऱ्याला विचारलं, "काका, औंदा माल दिसना तुमचा?" काका म्हणाले, "तुम्ही उचल द्यायची बंद केलाव म्हणं. फोनमधूनच काढून टाकलाव. मग घातला दुसऱ्या आडतीवर."

आता आमच्याकडे टॅब बंद करायच्या फॉर्मवर दोन तारखा लागतात. दुसरी रिकामी असेल तर फॉर्म पुढे जात नाही, आणि ती तारीख आली की टॅब आपोआप उघडतो. वाढवून हवी असेल तर मालकांनी परत फोन करायचा.